घोड्यांच्या तबेल्याची सुरक्षा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडे, उसाच्या पट्ट्यात आमची पागा आहे. २२ ठाणं, म्हणजे घोडा बांधायच्या जागा, आहेत आणि निम्म्याहून जास्त घोडे दुसऱ्यांचे, महिन्याच्या पैशांवर सांभाळायला ठेवलेले. नवीन तबेला बांधणारे, एखाद-दुसरा घोडा शेतावर ठेवणारे आणि आपला घोडा दुसऱ्याच्या पागेत ठेवू पाहणारे लोक आमच्याकडे येतात. त्यांचे प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एकदा सविस्तर लिहून ठेवली आहेत.

घोडे खरंच चोरीला जातात का?

जातात, पण लोकांना वाटतं तसे नाहीत. रात्री दोन वाजता अनोळखी माणसाने ठाणात शिरून परक्या घोड्याला म्होरकी (तोंडावर घालायचा, दावं अडकवायचा पट्टा) घालायची, त्याला बाहेर काढून टेम्पोत चढवायचं, हे सोपं काम नाही. घोडा अडतो, खिंकाळतो आणि त्याच्यामागे अख्खी पागा जागी होते. खोगीर, लगाम, पाण्याची मोटर आणि खाद्याची पोती मात्र मोटारसायकलवरून निघून जातात, आणि सकाळी चारा टाकायला गेल्यावरच ते कळतं.

मला कशाची भीती वाटते ते क्रमाने सांगतो. पहिली आगीची. दुसरी, घोडा सुटून रस्त्यावर जाण्याची. तिसरी, कोणीतरी गोड बोलून, दिवसाउजेडी, मालकाच्या नावावर घोडा घेऊन जाण्याची. भिंतीवरून उडी मारून येणारा चोर यानंतर येतो. तबेल्यावर पैसे खर्च करताना हा क्रम डोक्यात ठेवा. बहुतेक जण उलट्या टोकाने सुरुवात करतात, आधी कॅमेरे लावतात आणि वायरिंग तसंच राहतं.

प्रत्येक ठाणाला कुलूप लावावं का?

नाही. या एका गोष्टीवर मी कधीही तडजोड करत नाही. घोडा ज्या दाराआड उभा आहे त्या दाराला कुलूप नको. कुलूप फाटकाला लावा, खोगीरखोलीला लावा, दाण्याच्या कोठीला लावा. घोड्याचं दार मात्र कोणाही जाणत्या माणसाला अंधारात, धुरात, एका हाताने उघडता आलं पाहिजे.

मग दार कसं बंद करायचं? वर एक कडी आणि खाली एक कडी. वरची कडी घोडे ओठांनी सरकवतात. आमच्याकडची एक कुमैत, म्हणजे तांबूस-तपकिरी, घोडी तर स्वतःचं दार उघडून झाल्यावर शेजारणीचंही उघडायची. म्हणून वरच्या कडीला दाबून उघडणारा आकडा अडकवा आणि खालची कडी पायाने सरकवता येईल अशी बसवा. खालच्या कडीपर्यंत घोड्याचं तोंड पोहोचत नाही.

म्होरकी आणि दावं प्रत्येक दाराबाहेर खुंटीला टांगलेलं असावं. काही जण म्हणतात की त्याने चोराची सोय होते. होते, हे मान्य आहे. पण आग लागली तर २२ घोड्यांच्या म्होरक्या खोगीरखोलीतून शोधत बसायला वेळ नसतो. चोराला फाटकावर अडवा. आणि म्होरकी सुती किंवा चामड्याची घ्या. नायलॉन उष्णतेने वितळतं आणि चामडीला चिकटतं.

आगीची एवढी काळजी कशासाठी?

कारण तबेला म्हणजे कडबा, भुसा, लाकूड आणि कोळिष्टकं. एकदा पेटलं की हातात फार थोडी मिनिटं असतात.

शिवाजी महाराजांचं एक पत्र प्रसिद्ध आहे. १६७० च्या दशकातलं, चिपळूणजवळ हलवर्णला तळ देऊन असलेल्या फौजेच्या अंमलदारांना लिहिलेलं. त्यात महाराज बजावतात की कोणी चुली पेटवतील, कोणी वारा न बघता चिलमी ओढतील, रात्री दिवा तसाच जळत राहिला तर उंदीर त्याची वात तोंडात धरून नेईल, गवत पेटेल आणि मग घोडी वाचणार नाहीत. साडेतीनशे वर्षं झाली, पण तबेल्याच्या आगीचं याहून नेमकं वर्णन मी वाचलेलं नाही. आज दिव्याच्या वातीच्या जागी मोबाइलचा चार्जर आहे, एक्स्टेन्शन बोर्ड आहे, सईसाच्या, म्हणजे घोडे सांभाळणाऱ्या नोकराच्या, खोलीतली शेगडी आहे. उंदीर तोच आहे, आता तो वायरी कुरतडतो.

म्हणून वायरिंग उघडं ठेवू नका, पाइपमधून न्या आणि घोड्याचं तोंड पोहोचणार नाही इतकं उंच घ्या. मुख्य बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळू लागला की वीज तोडणारा स्विच, बसवा. पायाला लोखंडी नाल आणि खाली ओली जमीन असल्यामुळे माणसाला जेमतेम झिणझिण्या आणणारा करंट घोड्याला मारू शकतो. पावसाळ्याच्या तोंडावर इलेक्ट्रिशियनला बोलावून सगळं एकदा तपासून घ्या.

कडब्याची गंजी तबेल्याला चिकटून नको. आम्ही शंभर फूट अंतर ठेवतो आणि रोजच्यापुरता चारा आत आणतो. ओलसर राहिलेलं गवत किंवा लसूणघास गठ्ठे बांधून रचलं तर ते आतून तापतं आणि आपसूक पेटू शकतं. गंजीत लोखंडी सळई खुपसून ठेवा आणि अधूनमधून काढून हात लावा. सळई हाताला सोसवेना झाली, तर जवळ पाणी आणि माणसं असल्याशिवाय गंजी उकलू नका. आत हवा शिरली की भडका होतो. दिवाळीच्या आठवड्यात गंजीवर ताडपत्री आणि रात्री पहारा असतोच.

आग लागलीच तर घोडे कसे काढायचे?

आधी माणसं, मग घोडे. एकाने १०१ ला फोन करायचा आणि फाटक सताड उघडायचं. फाटक किमान १२ फुटी हवं, नाहीतर बंब बाहेरच राहतो. दाराजवळचा आणि शांत घोडा आधी काढायचा. बाकीचे त्याला जाताना बघतात. जो अडतो त्याच्या डोळ्यांवर ओलं पोतं किंवा शर्ट टाकून न्यायचा.

एक गोष्ट पहिल्यांदा ऐकणाऱ्याला खरी वाटत नाही. बाहेर काढलेला घोडा मोकळा सोडला तर तो पळत पुन्हा आत, आपल्या ठाणात जातो. त्याच्या लेखी तीच सुरक्षित जागा असते. म्हणून काढलेला प्रत्येक घोडा कुंपण असलेल्या मोकळ्या पट्टीत नेऊन बंद करायचा आणि रिकाम्या ठाणाचं दारही लावून घ्यायचं. आम्ही वर्षातून दोनदा हे करून बघतो, एकदा दिवसा आणि एकदा रात्री दिवे घालवून. पहिल्या रात्रीच्या तालमीत आम्हाला फाटकाची किल्ली सापडायला सात मिनिटं लागली होती. तेव्हापासून किल्लीची जागा ठरलेली आहे.

फाटक आणि कुंपण कसं असावं?

फाटक नुसतं जड असून भागत नाही. बहुतेक फाटकं दोन बिजागरींच्या खिळांवर बसवलेली असतात. दोन माणसांनी खालून उचललं की कुलपासकट निघून येतं. उपाय अगदी स्वस्त आहे. वरच्या बिजागरीचा खिळा उलटा, म्हणजे तोंड खाली करून बसवून घ्या, मग फाटक उचलता येत नाही. गावातला वेल्डर अर्ध्या तासात करून देतो. कोयंडा बाहेरून स्क्रू काढता येईल असा नको. बोल्ट आरपार घेऊन आतून नट वेल्ड करा.

गाडी जाईल असा रस्ता एकच ठेवा. माथेरानला मोटारींना गावात बंदी आहे, गाड्या दस्तुरीला थांबतात, त्यामुळे कोणतं जनावर कोणत्या गाडीत चढतंय ते चार माणसांच्या डोळ्यांसमोर घडतं. आपल्या पागेला असा एक दस्तुरी नाका असावा. मागच्या बाजूला माणूस आणि घोडा बाहेर पडू शकेल असं छोटं दार मात्र हवंच, आगीसाठी. टेम्पो त्या दारापर्यंत पोहोचू नये म्हणून बाहेर मोठे दगड किंवा खोल चर ठेवा.

काटेरी तार घोड्यांना नको. बुजलेला घोडा तारेत पाय अडकवून घेतो आणि सोडवायच्या धडपडीत हाडापर्यंत फाडून घेतो. बाहेरच्या हद्दीला जाळी किंवा भिंत, आणि घोडे फिरतात तिथे लाकूड किंवा पाइपचं कठडं. हद्दीवर काटेरी झाडं लावायची असतील तर सागरगोटा किंवा करवंद लावा. कण्हेर चुकूनही नको. दिसायला छान, वाढायला सोपी, हमरस्त्यांच्या दुभाजकावर सगळीकडे दिसते, पण तिची थोडी पानं पोटात गेली तरी घोडा मरतो. वाळलेली पानंही तितकीच विषारी असतात. छाटलेल्या फांद्या चाऱ्यात मिसळल्या तर कोणाच्या लक्षातही येत नाही.

रात्रीचा वॉचमन ठेवला की पुरे ना?

घोड्यांच्या जवळ झोपणारा सईस हाच खरा वॉचमन. गेटवर खुर्ची टाकून बसलेल्या माणसाला गाडी दिसते, पण सईसाला आवाज कळतो. रात्री दोनच्या सुमाराला आमच्या पागेत उभं राहिलात तर कडबा चघळल्याचा एक सारखा, संथ आवाज येत असतो. तो अचानक थांबतो आणि सगळे कान एकाच कोपऱ्याकडे वळतात, तेव्हा तिथे काहीतरी आहे. कधी मुंगूस असतं, कधी माणूस. आमचे म्हातारे सईस हा आवाज थांबला की झोपेतून जागे होतात. लावून दिलेला कोणताही अलार्म याची बरोबरी करत नाही, असं मला मनापासून वाटतं.

म्हणून सईसाची खोली तबेल्याला लागून असावी. खिडकी ठाणांकडे उघडणारी, आत पंखा, बाहेर संडास आणि न्हाणी. वेळेवर पगार आणि आठवड्याला एक सुटी. हे लिहायची वेळ येते, कारण मी लाखांचे घोडे ठेवणारे तबेले पाहिले आहेत जिथे सईस खाद्याच्या पोत्यांवर झोपतो. चार महिने पगार थकलेल्या माणसाने रात्री उठून फेरी मारावी, ही अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची?

कामावर घेताना ओळखपत्र, गावाकडचा पत्ता आणि आधीच्या दोन मालकांचे फोन घ्या. पोलिसांकडून पडताळणी करून घ्या. माणूस काम सोडून गेला की त्याच दिवशी कुलपं बदला, मग तो कितीही चांगल्या मनाने गेलेला असो. यात त्याच्यावर अविश्वास नाही, कारण त्याच्याकडून हरवलेली किल्लीही आपलीच असते.

कॅमेरे लावावेत का? किती?

लावा, पण थोडे आणि नेमके. फाटकावर गाडीचा नंबर वाचता येईल असा एक, खोगीरखोलीच्या दारावर एक आणि ठाणांच्या बोळात एक. उंच खांबावरून सगळं अंगण दाखवणाऱ्या कॅमेऱ्यात चोराची टोपी तेवढी दिसते.

रात्री अंधारात बघणाऱ्या कॅमेऱ्याच्या उजेडाला किडे येतात, किड्यांमागे कोळी येतो आणि आठवड्याभरात भिंगावर जाळं होतं. दर रविवारी झाडूला फडकं बांधून पुसा. वीज गेली तरी चालावं म्हणून इन्व्हर्टरवर जोडा. रेकॉर्डिंगचा डबा खोगीरखोलीत ठेवू नका. चोर खोगिरांबरोबर तोही नेतो.

हालचाल झाली की लागणारे दिवे चांगले, पण ते घोड्यांच्या तोंडावर येऊ देऊ नका. घोडा उभ्या उभ्या डुलकी घेतो, पण गाढ झोप त्याला आडवं पडूनच लागते आणि तीही दिवसात तासाभराच्या आतच. रात्रभर दिवे लागत-विझत राहिले तर तेवढीही मिळत नाही.

कुत्रे पाळावेत का?

दोन पाळा, गावठी. लस टोचलेले आणि घोड्यांच्या पायांत वाढलेले. बाहेरून अचानक आणलेला मोठा कुत्रा घोड्यांना बुजवतो. भटक्या कुत्र्यांची टोळी मात्र शिंगरासाठी धोक्याची असते. चावा झाला तर जखम साबण-पाण्याने भरपूर धुवा आणि लगेच पशुवैद्याला बोलवा. रेबीज घोड्यालाही होतो.

खोगीरखोलीसाठी काय करावं?

पावसाळ्यात चामड्याला बुरशी येते म्हणून लोक खिडकी उघडी ठेवतात आणि चोर तिथूनच येतो. खिडकीला लोखंडी जाळी लावा, म्हणजे हवाही खेळते. छत पत्र्याचं असेल तर खालून जाळी मारून घ्या, कारण पत्रा उचकटायला दोन मिनिटं लागतात.

प्रत्येक खोगिरावर, रिकिबीच्या चामड्याखाली सहज न दिसणाऱ्या जागी, मोबाइलचे शेवटचे सहा आकडे ठोकून घ्या. चांभाराकडे त्याचे ठसे असतात. फोटो काढून ठेवा. खोगीर कानपूरचं असो की परदेशातून मागवलेलं, खूण नसेल तर पोलिसांनी पकडलेल्या दहा खोगिरांतून आपलं कोणतं हे सिद्ध करता येत नाही.

माझा घोडा माझाच आहे हे सिद्ध कसं करायचं?

गेलेला घोडा परत मिळणार की नाही हे शेवटी या प्रश्नावर ठरतं, आणि याची तयारी घोडा गोठ्यात असतानाच करावी लागते.

पहिली गोष्ट मायक्रोचिप. तांदळाच्या दाण्याएवढी असते. मानेच्या डाव्या बाजूला, आयाळीखाली, कानामागचा माथा आणि खांदा यांच्या मधोमध पशुवैद्य सुईने बसवतो. तिच्यात १५ आकडी क्रमांक असतो आणि तो रीडर जवळ नेल्यावरच वाचता येतो. चिप म्हणजे जीपीएस नव्हे. ती घोडा कुठे आहे ते सांगत नाही, सापडलेला घोडा कोणाचा ते सांगते. त्यामुळे क्रमांक नोंदणीत तुमच्या नावावर चढलेला हवा. शर्यतीच्या थरोब्रेड जातीच्या घोड्यांची नोंद पुण्याच्या स्टड बुक अथॉरिटी ऑफ इंडियाकडे असते. मारवाडी, काठियावाडी घोड्यांसाठी त्या त्या जातीच्या नोंदणी संस्था आहेत. घोडा विकत घेतल्यावर मालकाचं नाव बदलून घ्यायचं राहून जातं, आणि कागदावर तो जुन्याच मालकाचा राहतो.

दुसरी गोष्ट भोवरे, म्हणजे अंगावर केस गोल फिरलेल्या जागा. आपल्याकडे घोडा घेताना शुभ-अशुभ भोवरे बघायची पद्धत आहे. माझा त्या फळावर विश्वास नाही, पण ज्याने ती पद्धत जपली त्याची नजर पक्की होती. भोवरे कुठे आहेत, किती आहेत, कोणत्या दिशेला फिरतात, ही जुळणी घोड्याघोड्यात वेगळी असते आणि जन्मभर बदलत नाही. पांढरा पाय रंगवता येतो, कपाळावरचा टिळा झाकता येतो, पण भोवरा पुसता येत नाही. घोड्यांच्या पासपोर्टवरच्या आकृतीतही भोवरे खुणेने दाखवतात. पायांच्या आतल्या बाजूला असलेल्या शिंगासारख्या गाठींचा आकारही प्रत्येकाचा वेगळा. या सगळ्यांचे फोटो वर्षातून दोनदा काढा, उन्हाळ्यात आणि थंडीत, कारण केस वाढले की रंग वेगळा दिसतो. समोरून, मागून, दोन्ही बाजूंनी, आणि कपाळ-मान जवळून.

तिसरी गोष्ट थंड डाग. उणे १९६ अंशाच्या द्रव नायट्रोजनमध्ये बुडवलेला शिक्का लावतात, त्वचेतल्या रंगपेशी मरतात आणि तिथे पांढरे केस येतात. नुकऱ्यासारख्या पांढऱ्या घोड्यावर शिक्का जास्त वेळ धरतात, मग तिथे केसच येत नाहीत. चोराला डाग लांबून दिसतो, हाच त्याचा मोठा उपयोग. कल्पना जुनी आहे. अलाउद्दीन खिलजीने फौजेतले घोडे डागायला लावले ते हजेरीच्या वेळी चांगल्या घोड्याच्या जागी मरतुकडा उभा करण्याची फसवणूक थांबवायला.

दुसऱ्यांचे घोडे सांभाळतो. कोणाला घोडा बाहेर नेऊ द्यायचा?

ज्याचं नाव लेखी आहे त्यालाच.

आमच्याकडे एकदा संध्याकाळी सातला टेम्पो आला. बरोबर एक नीटनेटका मुलगा होता. घोडीचं नाव त्याला ठाऊक होतं, मालकाचं नाव ठाऊक होतं, ती पुढचा डावा पाय उचलू देत नाही हेही ठाऊक होतं. "दादांनी पाठवलंय, उद्या लग्नाची वरात आहे," म्हणाला. आमच्या नव्या पोराने म्होरकी घातलीसुद्धा. मालकांचा फोन लागत नव्हता. सुदैवाने आमचा जुना सईस तिथे होता. तो म्हणाला, फोन लागेपर्यंत घोडी हलणार नाही, तुम्ही चहा घ्या. चहा येईपर्यंत टेम्पो निघून गेला होता. रात्री मालकांशी बोलणं झालं, त्यांनी कोणालाच पाठवलेलं नव्हतं. हे एवढं सगळं त्या मुलाला कुठून कळलं असेल? घोडीचे व्हिडिओ नावानिशी, जागेसकट मोबाइलवर सगळ्यांना दिसत होते.

तेव्हापासून प्रत्येक मालकाशी लेखी करार असतो. घोडा नेऊ शकणाऱ्यांची नावं आणि फोटो त्यात असतात, आणि घोडा बाहेर जाण्याआधी आम्ही करारातल्या नंबरवर स्वतः फोन करतो. आलेल्या माणसाने लावून दिलेला फोन चालत नाही. सूर्यास्तानंतर घोडा फक्त दवाखान्यात जातो. वहीत वेळ, गाडीचा नंबर, चालकाचं नाव आणि सही. रागावणारे मालक असतात. रागावू द्या.

तुम्ही दुसऱ्याच्या पागेत घोडा ठेवणार असाल तर हेच प्रश्न त्यांना विचारा. ही वही बघायला मागा. वही दाखवायला कुरकुर करणाऱ्या ठिकाणी घोडा ठेवू नका.

बघायला येणाऱ्या लोकांचं काय?

वेळ ठरवा, बरोबर एक माणूस द्या, आणि हाताने काही भरवू देऊ नका. गाजर आणणारे प्रेमाने आणतात, पण तेच लोक उरलेला पावही देतात. घोड्याला उलटी करता येत नाही, पोटात गेलेलं चुकीचं अन्न पोटशूळ होऊनच कळतं.

काळा घोडा असेल तर नाल मागणारे येणार, शनिवारी जास्त. आम्ही नालबंदाकडून निघालेल्या जुन्या नाला बादलीत ठेवतो आणि मागणाऱ्याला फुकट देतो. ज्याला नाल सहज मिळते तो रात्री येऊन घोड्याच्या पायातली उपटायला जात नाही. अडाण्याने नाल उपटली तर खुराची भिंत तिच्याबरोबर तुटते आणि घोडा महिनोन्‌महिने लंगडतो.

खाद्यातून विष देण्याचा धोका असतो का?

मुद्दाम विष घालण्यापेक्षा चुकून घातलं जाण्याचा धोका मोठा आहे. कोंबड्यांच्या आणि काही ठिकाणी जनावरांच्या खाद्यात मोनेन्सिन नावाचं औषध असतं. ते कोंबडीला चालतं, पण घोड्याच्या हृदयाचे स्नायू त्याने निकामी होतात आणि त्यावर उतारा नाही. शेजारी पोल्ट्री असेल, एकाच टेम्पोतून दोन्हींचं खाद्य येत असेल, तर पोती वेगळी आणि कोठी वेगळी हवी. तोबरा (तोंडाला बांधायची खाद्याची पिशवी), बादल्या, फावडीसुद्धा वेगळी.

दाण्याच्या कोठीला कुलूप लावायचं ते चोरासाठी कमी आणि सुटलेल्या घोड्यासाठी जास्त. रात्रीत पोतंभर चंदी, म्हणजे दाणा, खाल्लेला घोडा पोटशूळाने किंवा खूर सुजून जातो.

बिबट्याची भीती किती धरायची?

आमच्या पट्ट्यात धरावीच लागते. जुन्नर, आंबेगाव, शिरूरच्या उसात बिबटे राहतात. पूर्ण वाढलेल्या घोड्याच्या वाटेला तो सहसा जात नाही, शिंगरू आणि कुत्रा हे त्याचं भक्ष्य. व्यालेली घोडी आणि शिंगरू अंधार पडायच्या आत चारी बाजूंनी आणि वरूनही जाळी असलेल्या ठाणात गेलं पाहिजे. अर्ध्या भिंतीवरून बिबट्या सहज येतो. तबेल्याभोवतीचं गवत कापा, मेलेलं वासरू किंवा कोंबड्या जवळ टाकू नका, रात्री एकट्याने फेरी मारू नका आणि मारताना मोठ्याने बोलत चला.

बिबट्या दिसला तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. त्याला मारणं किंवा त्याच्यासाठी सापळा लावणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गंभीर गुन्हा आहे. जनावर मारलं गेलं असेल तर मृतदेह हलवू नका. पंचनामा जागेवर व्हावा लागतो, त्याशिवाय भरपाई मिळत नाही.

नवीन घोडा थेट इतरांत ठेवला तर?

रोग हाही फाटकातूनच आत येतो. नवीन घोडा किमान तीन आठवडे वेगळा ठेवा. पाणी, बादली, खराऱ्याचा ब्रश वेगळा, आणि शक्यतो माणूसही वेगळा. ग्लँडर्सची चाचणी झाल्याचा कागद मागा. या रोगाची तपासणी हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात होते, तो माणसालाही होतो आणि रोगी ठरलेला घोडा २००९ च्या कायद्यानुसार दयामरण देऊन संपवावा लागतो. नाकातून चिकट पू आणि अंगावर फुटणाऱ्या गाठी दिसल्या तर स्वतः काही न करता सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.

जत्रेला किंवा बाजाराला नेताना काय बघावं?

सारंगखेड्याला दत्तजयंतीला तापीकाठी हजारो माणसं येतात. अकलूजचा बाजार, माळेगावची खंडोबाची यात्रा, सगळीकडे तीच गर्दी. घोडा घरचा असला तरी तिथे आगाडी-पिछाडी, म्हणजे पुढून आणि मागच्या पायांना दोर, बांधा आणि रात्री एक माणूस त्याच्या पायाशी झोपवा. घोडा चालवून बघतो म्हणणाऱ्याला, सौदा होण्याआधी, घोड्यावर एकट्याला बसवून मैदानाबाहेर जाऊ देऊ नका. १९७८ च्या प्राणी वाहतूक नियमांप्रमाणे पशुवैद्याचा दाखला बरोबर लागतो. रस्त्यात पोलिसांनी अडवलं तर तोच तुमची बाजू मांडतो.

विकत घेताना रीडर आणून चिप वाचून घ्या आणि कागदावरचे भोवरे घोड्याच्या अंगावर शोधा. किंमत फारच कमी असेल तर थांबा. चोरीचा माल आहे हे माहीत असून घेतला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली घेणाराही गुन्हेगार ठरतो.

सकाळी ठाण रिकामं दिसलं. पहिल्या तासात काय करायचं?

आधी कडी बघा. तुटली आहे, की नुसती सरकली आहे? जमिनीवर नालेचे ठसे एकटेच आहेत, की बरोबर बुटांचे आहेत? घोडा सुटला असेल तर तो बहुधा ओल्या चाऱ्याकडे किंवा दुसऱ्या घोड्यांकडे जातो. एक माणूस आधी हमरस्त्याकडे पळवा, कारण अपघात तिथे होतो. त्याच्या हातात दाण्याची बादली द्या. बादलीचा आवाज ओरडण्यापेक्षा जास्त उपयोगी पडतो.

चोरी आहे असं वाटलं तर ठाणात कोणाला शिरू देऊ नका आणि ११२ ला फोन करा. हद्दीवरून टाळाटाळ झाली तर झिरो एफआयआर मागा, तो कुठल्याही ठाण्यात नोंदवून घ्यावाच लागतो. तक्रार ऑनलाइन पाठवली असेल तर तीन दिवसांत जाऊन सही करायची असते. चोरीसाठी भारतीय न्याय संहितेचं कलम ३०३, आणि घोड्याला इजा करून टाकून दिलं असेल तर कलम ३२५. फोटो, चिपचा क्रमांक आणि भोवऱ्यांची आकृती तक्रारीसोबत द्या. "तपकिरी रंगाचा घोडा" एवढंच लिहिलं तर रस्त्यावरचा प्रत्येक दुसरा घोडा तसाच असतो.

मग जवळचे नालबंद, टेम्पोवाले, वरातीचे घोडेवाले आणि बाजारातले दलाल यांना फोटो पाठवा. घोड्याला चालायला नाल लागते आणि न्यायला टेम्पो लागतो, त्यामुळे बातमी बहुतेकदा याच लोकांकडून येते. विमा असेल तर त्याच दिवशी लेखी कळवा, आणि चोरी त्यात धरली आहे का ते आज, घोडा ठाणात असतानाच वाचून घ्या. सगळ्या पॉलिसींत ती नसते.

घोडा सापडला की आधी पाणी दाखवा, अंगावरून हात फिरवून जखमा बघा आणि पशुवैद्य येईपर्यंत चंदी देऊ नका. फिरता सरकारी दवाखाना १९६२ या क्रमांकावर मिळतो.